जिल्हा परिषदेत अडकलेली प्रार्थना

शमुवेल काका प्रार्थनेला उभे राहिले की थोड्या वेळानं मार्थाबाई हळूच उठायच्या, घरी जाऊन डाळ फोडणीला टाकायच्या आणि परत येऊन डोळे मिटून बसायच्या. त्यांचं घर चर्चला लागूनच होतं. काका राष्ट्रपतींपासून सुरुवात करत. मंत्रालय आलं की मार्थाबाई उठत आणि तहसील कार्यालय येईपर्यंत जागेवर परत. मी त्या मंडळीत पाळक म्हणून रुजू झालो त्या पहिल्या रविवारी मला वाटलं, बाईंना बरं नसावं. दुसऱ्या रविवारी कळलं की त्यांना उत्तम आहे, वेळ किती लागतो ते फक्त त्यांना पाठ आहे.

मंडळी म्हणजे आमच्या भाषेत एका चर्चला येणारी माणसं. आमची मंडळी बारा घरांची. लोहारा तालुक्यात सास्तूरच्या पुढं, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं गाव. सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं आणि शेवटच्या रस्त्याला पत्र्याचा हॉल. तेच चर्च. रविवारच्या उपासनेत गीतं, वाचन, माझा उपदेश आणि ‘राष्ट्रासाठी व मंडळीसाठी प्रार्थना’ असा क्रम. ही प्रार्थना काकांकडं होती. त्यांच्या आधी ती कोण करायचं ते गावात कुणाला आठवत नव्हतं. माझा उपदेश पंचवीस मिनिटांचा आणि त्यांची प्रार्थना चाळीस मिनिटांची. लोक उपदेशाला लांबलचक म्हणत.

काकांनी उभी हयात धाराशिवला कलेक्टर कचेरीत शिपाई म्हणून काढली होती, रविवारी तेवढे गावी यायचे. साहेबाच्या दाराबाहेर एक स्टूल होतं, पण त्यावर बसायची त्यांना सवय नव्हती. निवृत्त होऊन गावी आले तरी ते कुठंही आधी दाराशीच उभे राहायचे. माझ्या घरी आले तरी चौकटीत उभे. “काका, बसा की,” म्हटलं की म्हणायचे, “राहू द्या पाळकसाहेब, पायाला सवय हाय.” प्रार्थनाही तशीच. टाचा जुळवलेल्या, हात मांडीला चिकटलेले, मान किंचित खाली. देव आत फायली बघत बसलाय आणि घंटी वाजली की हे आत जाणार, असंच वाटायचं.

त्यांच्या प्रार्थनेत एकाही पुढाऱ्याचं किंवा अधिकाऱ्याचं नाव नसे. राष्ट्रपती, पंतप्रधान, सर्व मंत्री, राज्यपाल, मुख्यमंत्री, मुख्य सचिव, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, अशी पायरीपायरीनं ती खाली यायची. मी नवा होतो, सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या कॉलेजातून, ताजा ताजा आलेला. मी सुचवलं की नाव घेऊन प्रार्थना केली तर जास्त जिव्हाळा वाटेल.

काकांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. “पाळकसाहेब, आपण रविवारी नाव घ्यायचं आन सोमवारी त्येची बदली व्हायची. मंग ती प्रार्थना कुणाला लागू करायची, नव्याला का जुन्याला? पदनाम घ्यावं. माणूस बदलतो, खुर्ची राहती.”

माझ्यासाठीही ते ‘या मंडळीचे पाळक’ एवढंच म्हणायचे. पाळकांचीही बदली होते हे त्यांना माहीत होतं.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की ते मंत्र्यांना वगळायचे आणि थेट निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांवर यायचे. “आत्ता मंत्र्यांसाठी मागितलं तर कुणी आक्षेप घेईल,” म्हणायचे. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा कचेरीवरची पाटी बदलल्याचं कुणाकडून तरी पक्कं कळेपर्यंत त्यांनी प्रार्थनेत दोन्ही नावं चालू ठेवली. पत्ता चुकला तर कागद परत येतो, हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं.

आणि सगळ्या अधिकाऱ्यांच्या शेवटी, तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक झाले की एक वाक्य ठरलेलं असे: “आन साहेबाच्या दाराशी उभा असलेला शिपाई, ज्याला कुणी बस म्हणत न्हाय, त्याचीबी आठवण ठेव.” हे वाक्य आलं की लोक सावरून बसत, कारण यानंतर मंडळीतली घरं यायची आणि मग आमेन.

मी एकदा धाडस केलं. प्रार्थना दहा मिनिटांत बसवा असं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “शास्त्रात अधिकाऱ्यांसाठी विनंत्या करा असं हाय का न्हाय?”

“आहे.”

“मंग ह्यो वरनं आलेला जीआर हाय. त्यात तुमी आन मी काटछाट करणारे कोण?”

मी हात टेकले. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या समाधानासाठी जिल्हा कोषागार अधिकारी वगळले आणि उपासनेनंतर मला तसं कळवलं.

देशासाठी पदनाम, पण मंडळीसाठी मात्र नाव, हा त्यांचा दुसरा नियम. “इथं कुणाची बदली न्हाय,” म्हणायचे. एकेका घराचं नाव घेत, कुणाचा गुडघा, कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाची गाभण म्हैस, सगळं देवाच्या कानावर घालायचे. खरं सांगायचं तर तोपर्यंत मला स्वतःला डुलकी लागलेली असायची. एरवी मी हरवलेल्या मेंढरावर फार चांगला उपदेश करतो, पण बारा घरांपैकी एक घर दर रविवारी वगळलं जातंय हे माझ्या चार वर्षांत लक्षात आलं नाही. ते लक्षात आणून दिलं पोलिसांनी.

झालं असं की कुणीतरी अर्ज दिला होता, रविवारी या हॉलमध्ये देशाविरुद्ध काहीतरी बोललं जातं. तालुक्याच्या ठाण्यातून एक जमादार चौकशीला आले. पोट सुटलेला, घामाघूम झालेला माणूस. चौकशी वाकडी गेली तर हॉलला कुलूप लागू शकतं, आजूबाजूला तसं घडल्याचं आमच्या कानावर होतं. जमादार वही घेऊन मागच्या बाकावर बसले आणि म्हणाले, “तुमचं रोजचं चालू द्या.”

काका उभे राहिले. रोजचंच चालू झालं. जमादारांनी सुरुवातीला पेन उघडून धरलं होतं. राज्यपालांपर्यंत त्यांनी लिहून घेतलं. मुख्य सचिवांपाशी पेन थांबलं. मार्थाबाई उठून गेल्या तेव्हा त्यांनी संशयानं तिकडं पाहिलं, पण थोड्या वेळानं फोडणीचा वास आला आणि त्यांचा संशय फिटला असावा. मग काका पोलीस खात्यावर आले. “आन ठाण्यातले जमादार, ज्यांना सणासुदीला घर बघाय मिळत न्हाय, ज्यांची रजा मंजूर होत न्हाय, त्यांच्या लेकराबाळांना सांभाळ.” हे खास त्या दिवसासाठी नव्हतं, दर रविवारी असायचं. जमादारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

उपासना संपल्यावर चहा देताना मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात जमादार म्हणाले, “तुमच्या रजिस्टरला घरं किती?”

“बारा.”

“या काकांनी अकराच घेतली. मी मोजली. बारावं घर कोणाचं? अन् ते का लपवताय?”

मी काकांकडं पाहिलं, काका जमिनीकडं बघत होते. मग तिसऱ्या बाकावरून मनोहर उठला. काखेत कळसा म्हणतात तो असा. मनोहर, त्याची बायको आणि मुलगी कृपा दर रविवारी त्याच बाकावर बसायचे.

“बारावं घर माझं, साहेब,” मनोहर म्हणाला. “लपवलं न्हाय. इथंच हाय.”

मनोहर काकांचा लहानपणापासूनचा दोस्त. तीन एकर जमीन, दोन बैल आणि नाकाच्या शेंड्यावर राग. काका जितके सावकाश, तितका हा घाईचा. जमादारांनी वही पुन्हा उघडली आणि भानगड काय ते विचारलं. मनोहरनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

“दहा वर्सं झाली. माझ्या कृपाचं लगीन. मे म्हैना, मांडवात ऊन मावंना. वऱ्हाड सोलापूरकडचं, त्येंचा टेम्पो उभा. जेवण तयार. नवरदेवाच्या चुलत्याला साखरेची बिमारी, त्येला घेरी याया लागली. आशीर्वादाची प्रार्थना ह्येच्याकडं दिलेली. ह्यो राष्ट्रपतीपासनं निघाला. अर्धा तास झाला आन ह्यो अजून जिल्हा परिषदेत. मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, सभापती झाले, उपसभापती झाले. म्या म्हणलं, आमेन. मांडवानं म्हणलं, आमेन. लई जोरात म्हणलं साहेब, भुकेली माणसं.”

“मग?”

“मंग काय. प्रार्थना तिथंच संपली. पोरीचं नाव आलंच न्हाय. तवापासनं ह्यो माझ्या घराचं नाव घेत न्हाय.”

मी पाळक होतो, चार वर्षं होतो, आणि मला हे एका जमादाराच्या चौकशीत कळत होतं. मंडळीतल्या बाकी सगळ्यांना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. लग्नानंतर दोन वर्षांत कृपा सासरहून कायमची परत आली होती, एवढं मात्र मला ठाऊक होतं. ती अंगणवाडीत मदतनीस होती आणि आमची पेटी वाजवायची.

जमादारांनी कपाळ पुसलं. “ते तुमचं तुम्ही बघा. पण मी अहवालात काय लिहू? रजिस्टरला बारा, प्रार्थनेत अकरा.”

आणि इथं काकांचा चेहरा उतरला. इतका वेळ ते दाराशी गप्प उभे होते. “तसं लिहू नका, साहेब,” ते म्हणाले. “आकड्यात तफावत आली की वरून विचारणा येती. मंग खुलासा मागवत्यात. मंग खुलाशावर खुलासा. म्या बघितलंय. चांगली चांगली माणसं तफावतीत गेली.” थोडं थांबून म्हणाले, “पुढल्या रविवारी दुरुस्ती करतो.”

क्षमेवर मी त्या हॉलमध्ये निदान सात उपदेश केले होते. एका उपदेशाला मला स्वतःला रडू आलं होतं. काका समोर उभे राहून सगळे ऐकत आणि शेवटी “आमेन” म्हणत. त्या सातांनी जे झालं नाही ते एका तफावतीनं केलं. देवासाठी दहा वर्षं न निघालेलं नाव अहवालासाठी आठ दिवसांत निघणार होतं. मला हसावं की राजीनामा द्यावा कळेना.

पुढच्या रविवारी हॉल भरला. गावातली दोन-चार इतर माणसंही दाराशी येऊन उभी राहिली. जमादार साध्या शर्टात आले, सोबत बायकोला घेऊन. काका उभे राहिले. टाचा जुळल्या. मार्थाबाई अंदाजानं पदर सावरून उठायच्या तयारीत होत्या.

“बापा,” काका म्हणाले, “आज खालनं चालू करतो.”

मार्थाबाई बसल्या.

“मनोहरचं घर. त्येची पोरगी कृपा. तिच्या लग्नात मला तिच्यासाठी मागायचं हुतं. म्या आधी देश मागितला, राज्य मागितलं, जिल्हा मागितला. पोरीपर्यंत आलोच न्हाय. मनोहरनं आमेन म्हणलं ते मला लागलं, ते खरं हाय. पण दोन वर्सांत पोरगी परत आली, तवा मला वाटलं, ही चूक माझी हाय. पोर समोर उभी असताना म्या सभापती मागत बसलो. तवापासनं त्या घराचं नाव तोंडात येईना. राग न्हाय बापा. लाज हुती.”

काका थांबले. एरवी पाण्यासारखी वाहणारी त्यांची प्रार्थना अशी कधी अडली नव्हती. कुणीतरी नाक ओढलं. मी डोळे उघडले, तेव्हा मनोहर खाली मान घालून बसला होता आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. सगळे त्याच्याच आमेनची वाट बघत होते.

“मनोहर,” काका डोळे न उघडता म्हणाले, “म्हण की आता.”

“तुझं झालं का?” मनोहरनं विचारलं.

“न्हाय. देश राहिलाय.”

“मंग घे की. मला कुठं जायचंय?”

काकांनी देश घेतला. राष्ट्रपतींपासून घेतला, एक पद सोडलं नाही. त्या दिवशी पंचावन्न मिनिटं लागली. जिल्हा परिषद आली तेव्हा हॉलमध्ये थोडी चुळबुळ झाली. मनोहरनं मागं वळून अशा नजरेनं पाहिलं की सगळे चिडीचूप. मी त्या दिवशी उपदेश केला नाही. कुणी त्याबद्दल विचारलंही नाही.

नंतर चहाला दोघं म्हातारे शेजारी शेजारी उभे होते. मनोहर म्हणाला, “मलाबी तसंच वाटायचं. म्या मधीच आमेन म्हणून पोरीचा आशीर्वाद तोडला.” काका म्हणाले, “न्हाय, चूक माझीच.” मनोहर म्हणाला, “माझी.” पुन्हा भांडण पेटतंय की काय असं मला वाटलं.

कृपा कपबश्या गोळा करत होती. ती थांबली. “काका, आबा, माझ्या संसाराचं वाटोळं दारूनं केलं. नवऱ्याच्या. ती काय तुमच्या आमेननं सुरू झाली न्हाय अन् तुमच्या प्रार्थनेनं सुटली नसती. तुमी दोघं दहा वर्सं उगं अंगावर घेऊन बसला. मला कुणी इचारलं का, बाई तुला काय पायजे?”

काकांनी खालच्या आवाजात विचारलं, “काय पायजे?”

“अंगणवाडी सेविकेची जागा निघणार हाय. त्येच्यासाठी मागा.”

काकांनी खिशातून पेन काढलं आणि पदनाम नीट विचारून लिहून घेतलं.

जमादारांनी जाताना सांगितलं, अहवाल पाठवतो: प्रार्थना दीर्घ आहे, आक्षेपार्ह काही आढळलं नाही. काकांनी पुढं महिनाभर मला विचारलं की त्याचा जावक क्रमांक मिळाला का. कृपाला ती जागा मिळाली. काकांच्या प्रार्थनेमुळं की तिच्या बारावीच्या मार्कांमुळं, यावर मंडळीत दोन मतं आहेत. मी पाळक असूनही या प्रश्नावर तोंड उघडत नाही.

त्या दिवसापासून काकांनी क्रम उलटा केला. आधी बारा घरं, मग देश. बदल लहान, पण मार्थाबाईंची डाळ दोनदा करपली.

दोन वर्षांनी थंडीत काकांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला बसायला खुर्ची द्यायला लावली आणि स्वतः उठायला बघत होते. “पाळकसाहेब समोर हायेत आन म्या आडवा,” म्हणाले. मी त्यांना धरून निजवलं. ते म्हणाले, “एक सांगून ठेवतो. माझ्या मातीला प्रार्थना थोडक्यात करा. लोकं उभी ऱ्हात्यात. उभं ऱ्हायला काय लागतं ते मला इचारा.”

मी हो म्हटलं. आठ दिवसांत ते गेले.

कबरस्तान गावाबाहेर, तुरीच्या रानाला लागून. बाराही घरं आली होती, गावातली बरीच माणसं आली होती. जमादारही ठाण्यातून रजा टाकून आले. मी काकांना दिलेला शब्द पाळून चार वाक्यांत आटपलं आणि माती लोटायला खुणावणार, तोच मनोहर पुढं झाला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं टाचा जुळवल्या, हात मांडीला लावले आणि डोळे मिटले.

“हे आमच्या स्वर्गीय बापा, आमच्या देशाचे राष्ट्रपती,” त्यानं सुरू केलं.

तीन एकरांचा शेतकरी, कलेक्टर कचेरीत कधी पाऊल न टाकलेला, एरवी कायम वैरणीच्या घाईत असणारा माणूस. पण सगळी यादी त्याला पाठ होती. दहा वर्षं आपलं नाव येतं का म्हणून तो शेवटपर्यंत ऐकत आला होता. पंतप्रधान, राज्यपाल, मुख्य सचिव, आयुक्त. ऊन वर चढलं. जिल्हा परिषद आली, सभापती झाले, उपसभापती झाले. कुणी पाय बदलला नाही. मार्थाबाई जागच्या हलल्या नाहीत. तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक.

“आन साहेबाच्या दाराशी उभा असलेला शिपाई,” मनोहर म्हणाला आणि त्याला पुढचं बोलता येईना. कृपानं मागून येऊन त्याचा दंड धरला.

“शमुवेल त्येचं नाव,” मनोहर म्हणाला. “बापा, त्येला आता बस म्हण.”

आमेन म्हणायला कुणी पुढं होईना.